किल्ली कोणाच्या हाती?

आचोळे हे आता नावापुरतेच गाव उरले आहे. नालासोपाऱ्याची वस्ती त्याला येऊन भिडली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि सगळीकडे इमारती व गाळे उभे राहिले. अशाच एका गाळ्यात दहा माणसे काम करतात असे समजा. बिले, पगारपत्रक, जी.एस.टी.चे हिशेब हे सारे पूर्वी लोखंडी कपाटात असे; आज ते क्लाउडवर असते. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण कागद काही आभाळात तरंगत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्या-मुंबईत आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत त्यांसाठी यंत्रशाळा सुरू केल्या.

कपाट दूर गेले, किल्लीचे काय? हे विचारले की बहुधा हसून उत्तर मिळते, "एकच पासवर्ड आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. घरचीच तर माणसे!"

मग एक दिवस हिशेबनीस नोकरी सोडतो. खाते उघडले होते त्याच्याच मोबाइल नंबरावर. आता प्रवेशाचा आकडा येतो तो त्याच्या खिशात! मालक आपल्याच दुकानाच्या दाराशी उपरा होतो. किंवा कोणी पगारपत्रक पुसून टाकते, आणि कोणी पुसले ते कळत नाही. कारण नोंदवहीत दहाही जणांचे नाव एकच.

आपल्याकडची जमिनीच्या दप्तराची रीत पाहा. फेरफाराची नोंद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, घालतात. ती प्रमाणित करतात मंडल अधिकारी. दप्तर संगणकावर गेले, तरी ही वाटणी राहिलीच. यात कोणावर अविश्वास नाही. उलट, उद्या तक्रार झाली तर प्रामाणिक माणसाला दाखवायला पुरावा राहतो. माझ्या मते ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेत नाही. स्वतंत्र नाव आणि मर्यादित अधिकार हे नोकराचेही संरक्षण आहे.

१९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनी हेच तत्त्व संगणकासाठी मांडले: ज्याला त्याला कामापुरताच अधिकार द्यावा. गाळ्यात याचा अर्थ असा की प्रत्येकाचे खाते वेगळे. माल नोंदवणाऱ्याने माल नोंदवावा. त्याला पगार दिसायचे कारण नाही. कर सल्लागाराला हिशेब वाचता यावेत, बदलता येऊ नयेत. आणि हे अधिकार माणसाला न चिकटवता कामाला चिकटवावेत. 'भांडारपाल' असा एक गट करा. माणूस बदलला की गटातले नाव बदला, झाले!

मुख्य अधिकाराचे खाते मात्र रोजच्या कामाला वापरू नये. ते संस्थेच्या नावे असावे, त्याला पासवर्डाखेरीज दुसरी खूणही लागावी, आणि असा अधिकार निदान दोघांकडे असावा. एक जण आजारी पडला म्हणून कारभार अडायला नको. पण दोघांचे आठ होऊ देऊ नका.

माणूस सोडून जातो तेव्हा पुष्कळ जण घाईने त्याचे खाते पुसतात. तसे करू नये. आधी खाते थांबवावे, त्यातले कागद दुसऱ्याच्या नावे करावेत, आणि मगच पुसावे. गूगलच्या व्यवसाय-खात्यात पुसलेले नाव २० दिवसांपर्यंतच परत आणता येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे तुम्हालाही लागू आहे. मुलांचे पत्ते, आधार क्रमांक, जातीचे दाखले तुमच्या हाती असतात. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला आहे. तरी वर्गाची यादी 'लिंक असेल त्याला उघडेल' अशा रीतीने व्हॉट्सॲपच्या गटावर सोडलेली मी कितीदा पाहतो! अशा यादीला किल्लीच नसते; शाळा सोडून गेलेल्याचे खाते बंद केले तरी ती त्याला उघडतेच. आज शाळेत गेलात की वाटलेल्या याद्या एकेक उघडून पाहा, आणि तो पर्याय बदलून त्यावर नेमकी नावे घाला.