जंजिऱ्याच्या वाटेवर

मुरुडला गेलो, की राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला जायचंच, हा माझा नेम. होडी अगदी तटाजवळ जाईपर्यंत दरवाजा काही दिसत नाही. चहूकडे खारा समुद्र अन् आत गोड्या पाण्याचे तलाव! १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पुढं किल्ल्यातली वस्तीही उठली. पाणी तेवढं राहिलं.

मागच्या खेपेला होडीतल्या एका गृहस्थांनी माझं नाव ऐकून विचारलं, ‘पुण्याचे? मराठी इतकं छान कसं हो बोलता?’ हा प्रश्न शाळेपासून माझ्या मागं आहे. म्हटलं, ‘अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, त्याचाच जंजिरा झाला. तुम्ही अरबी कुठं शिकलात?’

ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी डबा उघडून थालीपीठ पुढं केलं.