सगळ्यांच्या मागं चालणारे हवालदार नाना

(दिंडीतले जुने वारकरी व माजी सैनिक हवालदार नाना यांच्या दशक्रियेला नदीघाटावर केलेलं प्रवचन)





मी शेतकरी माणूस, चौथी शिकलेला. नानांविषयी जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

नाना 17 वर्षं मराठा पलटणीत होते. बेळगावला कवायत शिकले, सरहद्दीवर राहिले, पेन्शनवर घरी आले आणि दुसऱ्याच वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली. दिंडीत पताका पुढं, मग टाळकरी, मृदंग, वीणा, तुळशीवाल्या बाया. नानांची जागा त्या सगळ्यांच्या मागं. कुणी म्हणालं, नाना पुढं या, तर म्हणायचे, "पुढं चालायला लई जण हायेत."

पुण्याहून सासवडची चाल लांबची, त्यात दिवे घाटाची चढण. एखादी म्हातारी तिथं बसायचीच. नाना तिचं गाठोडं आपल्या खांद्यावर घ्यायचे, पाणी पाजायचे आणि तिच्या पायानं चालायचे. मुक्कामाला माणसं मोजल्याबिगर नाना कधी पंगतीला बसले नाहीत.

राहुटीत रात्री ते एकच गोष्ट सांगायचे, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेवराव जाधवांची. 9 एप्रिल 1945. इटलीतली सेनियो नदी. नामदेवराव तेव्हा 23 वर्षांचे, कंपनीचे निरोपे. वरून गोळ्यांचा पाऊस, बरोबरीचे बहुतेक पडलेले, दोघं जखमी. त्यांनी एकाला उचललं, खोल पाण्यातनं, उभ्या काठावरनं, सुरुंगांच्या पट्ट्यातनं पलीकडं नेलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. मग एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. हाताला गोळी लागली, बंदूक धरवेना, तर हातबॉम्ब टाकून तीन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1984 साली ते पुण्यात वारले.

गोष्ट संपली की नाना विचारायचे, "आधी काय केलं त्यांनी?" पोरं म्हणायची, "मशीनगन बंद पाडली." नाना म्हणायचे, "नाही रं. आधी माणसं आणली. लढाई मागनं."

मंडळी, नानांची सगळी वारी ह्या एका वाक्यात आहे. देवाच्या दारी लवकर पोचण्यापेक्षा मागं राहिलेल्याला घेऊन पोचायचं.

वैनी, तुम्हाला धीर द्यायला माझ्याकडं मोठे शब्द नाहीत. पन्नास वर्षांचा जोड तुटला, रडू येणारच, रडा. नाना सरहद्दीवर असताना घर, शेत, लेकरं तुम्हीच सांभाळली. ती चाकरी कुठल्या कागदावर नाही, पण गावाला ठावकी आहे. आता कुटुंब पेन्शनीचं काम निघंल. नानांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मृत्यूचा दाखला, बँकेचं पुस्तक एका पिशवीत ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बँकेत आमच्यातले दोघं तुमच्या संगं येतील. एकटीनं हेलपाटे घालायचे नाहीत. नानांनी कुणाला मागं टाकलं नाही, आम्ही तुम्हाला टाकणार नाही.

आज पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, नानांची इच्छा राहिली नाही. मला वाटतं एक राहिली. येत्या आषाढीला मागं कोण चालणार? तरण्या पोरांनो, टाळ वाजवायला तुमच्यात चढाओढ असते. तशी ह्या जागेसाठी होऊ द्या. दोघांनी आजच नाव सांगा.

आता उभं राहून दोन मिनिटं शांत राहू.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!