मोहाच्या वासाची कॉफी

माझी भाची हैदराबादला नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात आरमोरीला आली ती कॉफीचे एक पाकीट घेऊन. म्हणाली, "मामू, यात दूध-साखर घालायची नाही." दूध-साखरेविना कॉफी म्हणजे आमच्याकडे काढाच. पहिल्या घोटालाच मी चमकलो. चव जांभळाकडे झुकणारी, किंचित आंबूस, मागाहून मनुकांसारखी गोड. "नासली असेल," असा घरातून निकाल लागला. शेजारची मावशी दर चैत्रात मोह वेचायला जाते. तिने पाकीट हुंगले आणि म्हणाली, "याले त मोहावानी वास येते जी."

मंडळी, तिने एका वासात जे ओळखले ते समजायला मला आठवडा लागला. कॉफी हे एका लाल फळातले बी असते, हे आपण विसरूनच जातो. एरवी फळाचा गर काढून बी आंबवतात, धुतात आणि मग वाळवतात. दुसरी रीत जुनी आहे. त्यात अख्खे फळच उन्हात पसरायचे, दोन-तीन आठवडे, वरचेवर हलवत राहायचे. गरातली साखर बियांभोवतीच आंबत, आटत जाते आणि त्यातून हा फळांचा वास येतो. ढीग ओलसर राहिला तर बुरशी धरते आणि सगळे वाया जाते. मोहफुलांचेही तेच. अंगणात पातळ पसरायची, ढग आले की धावत जाऊन गोळा करायची. एक रात्र ओल लागली तरी फुले काळी पडतात.

ही कॉफी आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली होती. पूर्व घाटात, सुमारे हजार मीटर उंचीवर, आदिवासी कुटुंबे आपल्या लहान लहान तुकड्यांत ती पिकवतात. वर सिल्व्हर ओकची सावली, त्याच झाडांवर चढवलेला मिरीचा वेल आणि खाली कॉफी. पूर्वी हेच लोक जंगल जाळून फिरती शेती करीत. २०१७ मध्ये त्यांच्या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे अराकूचे नाव आता दुसऱ्या कुठल्या कॉफीला लावता येत नाही.

त्याच वर्षी बाबाबुदनगिरीच्या कॉफीलाही ते मिळाले. सतराव्या शतकात बाबा बुदन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे लपवून घेऊन आले, अशी कथा सांगतात. एका फकिराच्या चोरीवर अख्खा देश कॉफी पितो, याची मला मोठी गंमत वाटते. महाराष्ट्रही अगदीच कोरडा नाही. आपल्या विदर्भातले चिखलदरा कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून ओळखले जाते. पण किती मराठी माणसांनी ती चाखली असेल?

आणि मोह? तो तर कुणी लावलेलाही नाही. पहाट फुटायच्या आत टोपली घेऊन रानात जायचे, वाघाची, अस्वलाची भीती धरून वाकून एकेक फूल उचलायचे. २०२१ पर्यंत तो साठवायला, वाहून न्यायलाही सरकारी निर्बंध होते. आता ते उठले आहेत. तरी मोह अजून पोत्यानेच जातो, आणि पोत्यावर ना गावाचे नाव असते, ना रानाचे. त्याच्यापुढे दारूचीच आठवण काढली जाते. लेखा-मेंढाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. ते गाव आमच्याच जिल्ह्यातले. जंगल नावावर झाले. फुलाच्या पिशवीवर गावाचे नाव यायला मग कशाची अडचण आहे?

कॉफी संपली तेव्हा मी ते जाड, चेन लावलेले पाकीट फेकायला निघालो होतो. मावशीने हात पुढे केला.

"फेकू नोका जी, मले द्या. मोह ठेवतो यात. लेक सासरले नेते, तिले देतो."

मी पाकिटावरचे अराकूचे नाव कागद चिकटवून झाकले आणि त्यावर पेनाने मोठ्या अक्षरांत 'आरमोरी' लिहून दिले.