पत्ता कोणाच्या नावावर?



अमुक बडी कंपनी आता वेब होस्टिंगच्या धंद्यात आणखी हातपाय पसरणार, अशी कुजबुज अधूनमधून कानावर येते. होस्टिंग म्हणजे आपलं संकेतस्थळ रात्रंदिवस चालू असलेल्या कुणाच्या तरी संगणकावर ठेवणं. बातमी पक्की नसते, पण जागा किती देणार, फुकट देणार का, छोट्या होस्टिंगवाल्यांचं काय होणार, यावर लगेच चर्चा झडतात. मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्या जागेचा पत्ता कोणाच्या नावावर असेल?

असं का म्हणतो, ते जिओसिटीजवरून कळेल. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेत कुणालाही फुकटात आपलं पान थाटता येई. तिथे वस्त्या होत्या. सिनेमावेड्यांची हॉलिवूड, संगणकवाल्यांची सिलिकॉन व्हॅली. आणि वस्तीतल्या प्रत्येक पानाला घरासारखा क्रमांक. लोकांनी आपले छंद, कुटुंबाचे फोटो, आवडत्या गायकांची माहिती हौसेनं मांडली. कितीतरी पानांवर फावडं मारणाऱ्या कामगाराचं हलतं चित्र असे : काम चालू आहे!

१९९९ मध्ये याहू कंपनीनं ही सेवा सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला घेतली. लगेच नव्या अटी आल्या. लोकांच्या मजकुरावर कंपनीला भलतेच व्यापक हक्क देणाऱ्या त्या अटींवर एवढी ओरड झाली, की त्या बदलाव्या लागल्या. पुढे माणसं सोशल नेटवर्ककडे वळली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूनं अमेरिकेतलं जिओसिटीज बंद केलं. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हनं धावपळ करून बरीच पानं उतरवून घेतली, हे त्यांचे उपकारच. पत्ते मात्र मेले. ते याहूचे होते, पान लिहिणाऱ्यांचे नव्हते.

फुकटची सेवा होती म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे. गूगल डोमेन्सवर तर लोक पैसे भरून संकेतस्थळांची नावं, म्हणजे डोमेन, नोंदवत होते. तरीही २०२३ मध्ये गूगलनं तो व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकून टाकला. सुमारे एक कोटी नावं एका कंपनीकडून दुसरीकडे गेली. पण इथे एक गोष्ट वेगळी घडली. नावं ग्राहकांची होती, म्हणून मालक बदलला तरी पत्ते शाबूत राहिले.

हे सगळं मला आपल्याकडच्या शिक्षकांसाठी सांगावंसं वाटतं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या कितीतरी गुरुजींनी आणि बाईंनी ब्लॉगर या ब्लॉग-सेवेवर मराठी कविता, सराव चाचण्या, शाळेतल्या उपक्रमांची वर्णनं ठेवली आहेत. स्वतःच्या वेळेत, पदरमोड करून. ब्लॉगर २००३ पासून गूगलचं आहे आणि यातल्या बहुतेक पत्त्यांच्या शेवटी ब्लॉगस्पॉट असतं. ती सेवा बंद होणार आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी कंपनीचं मन बदलेल, त्या दिवशी सातबारा गूगलच्याच नावावर निघेल.

उपाय अवघड नाही. स्वतःचं डोमेन नाव घ्यावं. डॉट इन आहे, देवनागरीत डॉट भारतही आहे. वर्षाकाठी त्याचं शुल्क भरावं लागतं, पण ते ब्लॉगरला जोडता येतं आणि उद्या होस्टिंग बदललं तरी वाचक त्याच पत्त्यावर येतात. नोंदणी शाळेच्या किंवा स्वतःच्या नावानं करावी, नाव नोंदवून देणाऱ्या दुकानदाराच्या नावानं नको. हा घोळ फार होतो. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, मजकुराची एक फाइल तिथून उतरवता येते. फोटो मात्र वेगळे जपून ठेवा. बॅकअप या रविवारीच घ्या. नावाचं शाळेच्या पुढच्या बैठकीत ठरवा.