म्हातारपणीची उदासी आणि गट-उपचार



पारोळा, शिंदखेडा भागातलं कोणतंही गाव घ्या. मुलगा सुरतेला, जमिनीची वाटणी झालेली, जोडीदार गेलेला, असे एखादे आजोबा ओट्यावर गप्प बसलेले दिसतात. जेवणावर वासना नाही, पहाटे तीनलाच जाग येते. विचारलं तर उत्तर एकच : 'आते काय ऱ्हायनं?' घरचे म्हणतात, वय झालं. पण असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. आणि तो साठीनंतरही बरा होतो.

त्यावरचा एक उपाय म्हणजे गट-उपचार. आपण म्हणाल, म्हातारी माणसं पारावर रोज बसतातच की! बसतात, पण तिथं कापसाचा भाव निघतो, मनातलं दुःख निघत नाही. उद्या ते गावभर होईल, ही भीती असते. गट-उपचारात आठ-दहा माणसं, ठरलेला वार, आणि शिकवून तयार केलेला एक चालक असतो. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळते. उठताना प्रत्येक जण आठवड्याचं एक लहानसं काम ठरवतो. कोणी रुसलेल्या भावाकडे जायचं ठरवतो, कोणी मळ्यापर्यंत चालायचं.

खेड्यात हे जमेल का? युगांडा देशातल्या 30 खेड्यांत हा प्रयोग झाला. 2003 साली तो प्रसिद्ध झाला. गट सर्व प्रौढांचे होते, केवळ वृद्धांचे नव्हते. चालक डॉक्टर नव्हते, तर दोन आठवडे शिकवलेली तिथलीच माणसं होती. दर आठवड्याला दीड तास, असे सोळा आठवडे. गट पुरा करणाऱ्यांत अखेरीस शेकडा सहा-सात जणांतच तीव्र नैराश्य उरलं. गट नसलेल्या गावांत ते शेकडा पंचावन्न जणांत होतं.

गुरुजी, इथं आपली मदत हवी. निदान डॉक्टरांनीच करायचं. धुळे आणि जळगाव इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पण शाळा सुटल्यावर बैठकीला एक खोली देता येईल. ऐकू कमी येणाऱ्यांना जवळ बसवावं, आणि बोलणं अहिराणीतच होऊ द्यावं. दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही.

आणि कोणी 'मरण आलं तर बरं' म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, आणि 'टेली-मानस'च्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस मोफत चालतो.