हिमावर पाऊल टाकण्यापूर्वीं



दख्खनच्या पठारावर ज्याचें सारें आयुष्य गेलें, गारांखेरीज आकाशांतून पडलेला बर्फ ज्यानें कधीं पाहिला नाहीं, अशा निवृत्त शिक्षकानें हिमाच्या डोंगरांविषयीं बोलावें, हें आपणांस विचित्र वाटेल. मलाहि वाटतें. पण त्याला कारण झाला तो माझा नातू.

गेल्या मार्गशीर्षांत तो गुलमर्गला जाण्यास निघाला. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा जो खेळ, ज्यास स्कीइंग म्हणतात, तो त्यानें दोन हिवाळे शिकून घेतला होता. आतां आंखलेल्या उतारांवर त्याचें मन रमेना. दोरीच्या पलीकडे, जेथें कोणाचें पाऊल उमटलेलें नाहीं अशा ताज्या हिमावर उतरण्याचा त्याचा बेत होता. माझी कन्या मला एकीकडे बोलावून म्हणाली, "आबा, तुम्हीच त्याला नाहीं म्हणा. तुमचें तो ऐकेल." मीं छत्तीस वर्षें मुलांना शिकविलें, परीक्षा घेतल्यावांचून कोणास नापास केलें नाहीं. नातवास म्हणालों, "महिनाभर अवधि आहे. तयारी काय केलीस तें मला शिकव. पटलें तर खुशाल जा."

त्या महिन्यांत मी जें शिकलों, तें थोडक्यांत सांगतों.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारें २६५० मीटर उंचीवर आहे. तेथें या खेळाचा संघ १९२७ मध्यें स्थापन झाला, तेव्हां ही कांहीं कालची गोष्ट नव्हे. गांवाच्या पाठीशीं अफरवट नांवाचा पर्वत आहे, आणि २००५ पासून दोरावरून चालणारी गाडी माणसास त्याच्या खांद्यावर, सुमारें ३९५० मीटरपर्यंत, थोड्याच वेळांत नेऊन सोडते. पूर्वीं ही चढण पायांनीं चढावी लागे. चढतां चढतां हिमाची ओळख होई. आतां ओळख होण्यापूर्वींच उतरणें सुरू होतें. राखलेल्या पट्ट्यांत पहारेकऱ्यांचें पथक उतार तपासतें. त्याबाहेर ज्याचा तोच पहारेकरी. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं खिलनमर्ग येथें हिमलोटाखालीं किमान १७ जवान मृत्युमुखीं पडले, आणि ते तर याच विद्येचें शिक्षण घेणारे सैनिक होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवटवर पोलंडचे दोघे, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं रशियाचा एक पाहुणा असाच गेला.

हा लोट सुटतो कसा? हिमाचा थर पातळ आणि हवा अतिशय थंड असली म्हणजे तळाजवळच्या हिमकणांचे जाड साखरेसारखे सुटे खडे बनतात. ते एकमेकांस धरून राहत नाहींत. त्यांवर पुढें नवें हिम पडतें आणि वाऱ्यानें दाबलें जाऊन लादीसारखें बसतें. लादी जड, पाया भुसभुशीत! माणसाचें वजन पडलें कीं खालचा थर ढांसळतो, लादीस तडा जातो, आणि क्षणार्धांत सगळा उतार चालूं लागतो. असे बहुतेक लोट ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकतें. त्याहून उभ्या कड्यावर तें फारसें सांठतच नाहीं. दुर्दैव असें कीं, घसरण्यास सर्वांत आनंददायक उतार नेमके हेच. शिवाय जे लोटांत सांपडतात, त्यांतील बहुतेकांच्या बाबतींत तो त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेंच सोडविलेला असतो.

म्हणून पहिली तयारी ज्ञानाची. डी.जी.आर.ई. ही आपल्या संरक्षण खात्याची संस्था हिमालयांतील हिमलोटांच्या धोक्याची सूचना प्रसिद्ध करते. धोक्याच्या पायऱ्या पांच. माझ्या विद्यार्थ्यांस पांचांपैकीं तीन गुण म्हणजे उत्तीर्ण वाटत. येथें तसें मानणें घातक. तिसऱ्या पायरीवर एका माणसाच्या वजनानेंहि लोट सुटूं शकतो. सूचना वाचल्यावर डोळे उघडे ठेवावे. जवळपास नुकताच लोट सुटलेला दिसणें, पायाखालीं 'धप्प' असा दबका आवाज होणें, फळीपुढें तडे धांवणें, आदल्या दिवशीं बराच बर्फ पडलेला असणें, वाऱ्यानें कड्यामागें हिम सांठविणें, एकाएकीं ऊन तापणें: यांपैकीं एक खूण दिसली तरी उभे उतार त्या दिवशीं वर्ज्य.

दुसरी तयारी साधनांची. प्रत्येकाच्या अंगावर संदेश सोडणारें व शोधणारें यंत्र हवें. तीं यंत्रें जगभर ४५७ किलोहर्ट्झ या एकाच लहरीवर चालतात. त्याबरोबर हिमांत खुपसून पाहण्याची घडीची लांब सळई आणि धातूचें फावडें. पुरलेल्या माणसास पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलें तर दहांपैकीं सुमारें नऊ जण वांचतात. अर्ध्या तासाच्या सुमारास हें प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास उतरतें. गांवांतून मदत येईपर्यंत हा काळ बहुधा उलटून गेलेला असतो. वांचविणारा तो शेजारचा सोबतीच. यास्तव एकट्यानें जाऊं नये.

हें कळल्यावर मीं प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. टेकडीच्या पायथ्याशीं पाचोळ्याचे ढीग होते. त्यांतील एकांत चालूं यंत्र गोणपाटांत गुंडाळून पुरलें आणि नातवास व त्याच्या दोघां मित्रांस शोधावयास सांगितलें. तिघे तीन दिशांस धांवले, एकमेकांवर ओरडले, आणि यंत्र हातीं आलें तें चौदाव्या मिनिटास. मीं घड्याळ त्यांच्यापुढें धरलें. कोणी बोललें नाहीं. त्यानंतर ते रोज सकाळीं येऊं लागले. एकानें आज्ञा द्यावी, दुसऱ्यानें शोधावें, तिसऱ्यानें फावडें जोडून तयार राहावें, असें ठरलें. आठव्या दिवशीं चार मिनिटें लागलीं. मग मीं कन्येस सांगितलें, "जाऊं दे त्याला."

निघतांना तीन नेम घालून दिले. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा आणि कोठें जाणार, केव्हां परतणार, हें मागें कोणास तरी सांगून निघावें. उतारावर एका वेळीं एकानेंच उतरावें. इतरांनीं लोटाच्या वाटेबाहेर थांबून त्याच्यावर दृष्टि ठेवावी. आणि तिघांपैकीं एकानें जरी "नको" म्हटलें, तरी कारण न विचारतां मागें फिरावें.

तिसराच नेम कामीं आला. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीं ते एका उताराच्या माथ्यावर उभे होते. त्यांतला वयानें लहान मित्र म्हणाला, "मला नको वाटतें." ते परतले. त्यांच्या देखत दुसरी एक टोळी त्याच उतारावरून हंसत खेळत खालीं गेली. लोट सुटला नाहीं. घरीं आल्यावर नातू खालीं मान घालून म्हणाला, "आबा, त्यांना कांहीं झालें नाहीं. आम्ही उगीच भ्यालों का?"

मीं त्याला जुनी उत्तरपत्रिका आठवून दिली. गणिताची रीत चुकलेली, आणि उत्तर मात्र बरोबर! अशा मुलास मी गुण देत नसें. कारण पुढच्या गणितांत तीच रीत त्याला दगा देई. उतार न सुटणें हें त्या टोळीचें बरोबर आलेलें उत्तर होतें. तुमची रीत बरोबर होती. आणि तुम्ही तिघेहि घरीं आलांत.

या हिवाळ्यांत तो पुन्हां जाणार आहे. पाचोळ्याचे ढीग मीं आतांपासूनच राखून ठेवले आहेत. आपल्या घरांतहि असा एखादा मुलगा वा मुलगी असेल, तर नुसती आडकाठी करूं नका आणि नुसता आशीर्वादहि देऊं नका. घड्याळ हातीं घ्या आणि त्यांची परीक्षा घ्या. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.