कम्बश्चन अॅनलायझर घेताय? आधी हे ऐका

(एपिसोडचा लिखित मजकूर)

आजचा विषय डहाणू-तलासरीकडच्या त्या पोरापोरींसाठी आहे, जे आयटीआय करून बॉयलर, बर्नर, गॅस गिझर यांच्या कामात शिरलेत. काही जण डहाणूतच फुग्यांच्या कारखान्यात किंवा बोर्डीच्या हॉटेलांत काम करतात, काही जण रोज हायवेने उंबरगाव, सरीगाम, वापी गाठतात. कधी ना कधी मनात येतंच, की आता स्वतःचा कम्बश्चन अॅनलायझर घ्यावा. मग कुठला घ्यायचा?

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. चिमणीला एक छोटं भोक असतं, त्यातून प्रोब आत घालायचा. यंत्रातला पंप धूर ओढतो. आतले सेन्सर ऑक्सिजन किती उरलाय आणि कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते मोजतात, प्रोबच्या टोकाला धुराचं तापमान कळतं. बाकी जे स्क्रीनवर दिसतं, म्हणजे एफिशियन्सी, जादा हवा, बहुतेक यंत्रांत कार्बन डायऑक्साइडसुद्धा, ते सगळं गणित करून काढलेलं असतं. हे नीट लक्षात ठेवा. मोजलेलं वेगळं, काढलेलं वेगळं.

आता पैशाचं बोलू. समजा डिझेलवरचा बॉयलर आहे. धूर २२० अंशांचा, खोलीतली हवा ३० अंशांची. धुरात ऑक्सिजन ५ टक्के असेल, तर चिमणीतून सुमारे ९ टक्के उष्णता वाया जाते. तापमान तेच, पण ऑक्सिजन ११ टक्के असेल, तर १४ टक्के जाते. म्हणजे दर १०० लिटर डिझेलमागे जवळपास ५ लिटर फुकट. फक्त हवेची झडप नीट न बसवल्यामुळे! डोळ्यांनी ज्योत बघून हा फरक कळत नाही.

आणि दुसरी गोष्ट जिवाची. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधला गॅस गिझर म्हणूनच जीव घेतो. गिझर दुरुस्त करून तुम्ही निघून जाता, पण त्या घरातली माणसं तिथेच आंघोळ करणार असतात.

तर यंत्र निवडताना काय बघायचं?

पहिलं, तुमच्याकडे जळतं काय? गॅस आणि डिझेलवर काम असेल तर साधा, ऑक्सिजन आणि सीओ मोजणारा अॅनलायझर चालतो. पण लाकूड किंवा ब्रिकेट असेल तर गोष्ट बदलते. पेटवताना सीओ एकदम हजारो पीपीएमवर जातो. सेन्सरची मर्यादा २,००० असेल तर तो बिचारा तिथेच खराब होऊ शकतो. म्हणून मोठी रेंज हवी, किंवा धुरात ताजी हवा मिसळून सेन्सर वाचवणारी सोय हवी. अर्धवट जळलेल्या धुरात हायड्रोजनही असतो आणि साधा सेन्सर त्यालाच सीओ समजतो. हायड्रोजन कॉम्पेन्सेशन आहे का, हे विचाराच. आणि मेनूमध्ये आपलं इंधन आहे का तेही बघा. इंधन चुकीचं निवडलं तर एफिशियन्सीचा आकडा खोटा.

दुसरं, पाणी आणि काजळी. आपल्याकडे पावसाळ्यात ओलं लाकूड जळतं, धुरात वाफ भरपूर. ते पाणी सेन्सरपर्यंत गेलं की खेळ खलास. पाणी अडवणारी बाटली आणि फिल्टर हाताने काढून साफ करता यायला हवेत.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, सेन्सर आणि कॅलिब्रेशन. हे सेन्सर वापरा किंवा कपाटात ठेवा, काही वर्षांत थकतातच. टेस्टो असो, केन असो, बॅकराक असो, हा नियम कुणाला चुकत नाही. म्हणून किंमत बघताना तीन वर्षांचा हिशेब करा, यंत्र अधिक सेन्सर अधिक दरवर्षीचं कॅलिब्रेशन. दुकानदार म्हणाला, "कॅलिब्रेशनची गरज नाही," तर नमस्कार करून बाहेर पडा. मोठा रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ नंतर.

आता एक लबाडी सांगतो, जी तुम्हाला करायला सांगितली जाऊ शकते. मालक म्हणतो, "सीओ १००च्या वर दिसायला नको." झडप उघडून जादा हवा सोडली की धूर पातळ होतो, आकडा खाली येतो. पण हिशेब करा. ऑक्सिजन ४ टक्के असताना १०० पीपीएम म्हणजे हवा वजा केल्यावर सुमारे १२४. ऑक्सिजन १२ टक्के असताना तेच १०० म्हणजे सुमारे २३५! म्हणून हवा वजा करून सीओ दाखवणारं यंत्र घ्या, आणि रिपोर्टवर दोन्ही आकडे लिहा, शेजारी ऑक्सिजन लिहा.

हे मी डहाणूत राहणाऱ्यांना का सांगतोय? कारण चिमणीतून काय बाहेर पडतं हा प्रश्न या तालुक्याने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलाय. २० जून १९९१ला केंद्राने डहाणू पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केलं, उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६मध्ये न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवावी लागली, ती २००७मध्ये सुरू झाली. चिकूच्या बागांची काळजी करणाऱ्या माणसांनी हा आग्रह वर्षानुवर्षं धरला. एवढ्या मोठ्या चिमणीला आकडे द्यावे लागतात, तर आपल्या छोट्या चिमणीचा आकडा आपण खरा का देऊ नये?

शेवटी दोन सवयी. यंत्र सुरू करताना शून्य मोकळ्या हवेत करा, बॉयलर रूममध्ये नाही. नाहीतर खोलीतला वायूच शून्य धरला जातो. आणि अॅनलायझर चिमणी बघतो, तुम्हाला नाही. शर्टाला लावायचा छोटा सीओ अलार्म वेगळा घ्या. बजेट कमी असेल तर आधी तोच घ्या.

तुमच्याकडे कुठलं इंधन जळतं ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. सांभाळून काम करा!